लिंक्डइनवर रेझ्युमे टाकायचाय, पीडीएफ करताना मराठी अक्षरांची वाट लागतेय

प्रश्न – कुपवाडकर_सीएनसी
मंडळी, मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) काम करतो, आता पुण्याकडं बघतोय म्हणून लिंक्डइनवर रेझ्युमे आणि अनुभवाचा दाखला टाकायचाय. दाखला मराठीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप केलेला, वर्ड फाईल मेलवर आली ती मोबाईलवर उघडून तिथंच पीडीएफ केली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस स्वल्पविराम दिसतायत. शिवाय डिप्लोमाच्या मार्कलिस्टा स्कॅन करून आणल्या त्या ३८ एमबी भरल्या. काय करू?

मिरजकर_०२
फाईलीत दोष नाही भावा, तुझ्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नाही. श्रीलिपीचे ते जुने फॉन्ट युनिकोड (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर देणारी, सगळीकडं चालणारी पद्धत) नव्हेत, आत इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात आणि फॉन्ट वरनं मराठी चेहरा चढवतो, फॉन्ट गेला की मुखवटा गळाला. ज्या कॉम्प्युटरवर टाईप केलंय तिथंच वर्डमध्ये सेव्ह ॲज करून पीडीएफ निवडायला सांग, तिथल्या ऑप्शन्समध्ये पीडीएफ/ए वर टिक केली की फॉन्ट फाईलीतच बसतो. तरी त्यातलं नाव सर्च करून सापडणार नाही, तेव्हा दोन पानांचंच असेल तर युनिकोडमध्ये परत टाईप करून ऑफिसवाल्यांची सही घे, कटकट संपली.

साताऱ्याची_पोर
३८ एमबीनं अडत नाही, लिंक्डइनच्या पोस्टला १०० एमबी आणि ३०० पानं चालतात, पण एचआरवाला मोबाईलवर उघडणार तेव्हा गोल गोल फिरत बसणार. रंगीत स्कॅन कशाला, १५० डीपीआय (स्कॅनचा बारकावा) आणि ग्रेस्केल (बिनरंगी, करड्या छटांचं) भरपूर झालं, नाहीतर गूगल ड्राइव्हमधलं स्कॅन वापर, पीडीएफच होते. आणि मार्कलिस्ट पोस्ट करू नको बाई, म्हणजे दादा 😄, पोस्टमधली फाईल कुणीही डाउनलोड करू शकतं, त्यावर जन्मतारीख, सीट नंबर सगळं असतं. आधार तर लांबच ठेव. रेझ्युमे तेवढा प्रोफाईलच्या फीचर्डमध्ये टाक, मार्कलिस्टा मागतील तेव्हा मेल कर.

मिरजकर_०२
हे बरोबर. अजून एक, टाकायच्या आधी नीट वाच, कारण पोस्ट केल्यावर मजकूर बदलता येतो, फाईल बदलता येत नाही, डिलीट करून नव्यानंच टाकावी लागते. माझ्या रेझ्युमेच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून नेटकॅफेवाल्याचं नाव होतं, इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं हे कोण, मी म्हटलं मित्र. फाईलचं नावपण 'फायनल नवीन २ खरंच फायनल' नको, सरळ स्वतःचं नाव आणि पद.

कुपवाडकर_सीएनसी
झालं! ऑफिसातल्या क्लार्ककाकांना चहा पाजून तिथनंच पीडीएफ काढून घेतली, अक्षरं एकदम खणखणीत. ऑथर बघितला तर काकांचंच नाव की ओ, आता ते कसं काढू?

साताऱ्याची_पोर
वर्डमध्ये फाईल, मग इन्फो, तिथं ऑथरवर राईट क्लिक करून रिमूव्ह पर्सन. मग परत पीडीएफ. म्हणजे अजून एक चहा.