मदत हवी आहे : खासगी तळ्याच्या बांधाखाली पाणी पाझरते आहे, तक्रार कोणाकडे करावी?

काठावरचा :
नमस्कार. आम्ही काही कुटुंबांनी मिळून नौकाविहारासाठी आणि गळाने मासे धरण्यासाठी एक जुने तळे विकत घेतले आहे. तळे मातीच्या बांधाने अडवलेले आहे. बांधाच्या पायथ्याशी जी जागा पूर्वी कोरडी असे, तिथे आता पाय रुततो आणि लव्हाळे उगवले आहे. व्यवस्थापन समिती म्हणते की मातीचा बांध थोडाफार पाझरणारच, त्यासाठी खर्च कशाला करायचा? सरकारी कार्यालयांत चौकशी केली, तर हा बांध आमच्या अखत्यारीत येत नाही असे सांगून प्रत्येकाने मला पुढच्या दाराकडे पाठवले. पाऊस तोंडावर आला आहे. कृपया एवढेच सांगा की तक्रार कोणाकडे करायची. बांधांविषयीची सर्वसाधारण माहिती मी वाचलेली आहे, ती नको.

मुरूममाती :
तक्रार कोणाकडे, हे बांध कसा आहे त्यावर ठरते आणि तेच आपण लिहिलेले नाही. उंची किती? साठा किती? पाझरणारे पाणी नितळ आहे की गढूळ? बांधाच्या पोटातून पाइप गेला आहे का, आणि ओल त्याच्याच आसपास आहे का? सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याची वाट, कोणत्या बाजूला आहे आणि तो मोकळा आहे का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांधाच्या खालच्या अंगाला कोणाची वस्ती आहे का?

काठावरचा :
उंची अंदाजे सात मीटर असावी. साठा कोणी मोजलेला नाही. पाणी नितळ दिसते. खाली ओढा आहे. आता तक्रारीविषयी सांगाल का?

वल्हेकरी :
आमच्या नौकाविहार मंडळाच्या तळ्यालाही असाच पाझर होता. पाणी जिथून बाहेर येते तिथे चिकणमाती ठोकून बसवली, वर सिमेंटचा गिलावा केला आणि पाझर थांबला. कागदपत्रांच्या मागे लागण्यापेक्षा हे करून टाका.

मुरूममाती :
वल्हेकरी यांचा सल्ला कृपया अमलात आणू नका. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद केली की बांधाच्या आत दाब वाढतो आणि पाणी दुसरी, बहुधा अधिक धोक्याची वाट शोधते. पाझर हा दोष नसतो. पाझराबरोबर माती वाहून जाणे हा दोष असतो, कारण मग आत पोकळी तयार होते आणि ती पाण्याच्या बाजूकडे वाढत जाते. म्हणून पाझराच्या तोंडावर योग्य प्रतीची वाळू आणि तिच्यावर खडी असा गाळणीचा थर देतात, ज्यातून पाणी निघून जाते पण माती अडते. वाळूची प्रत बांधाच्या मातीवर ठरते, त्यामुळे हे काम अभियंत्याने जागेवर पाहूनच करावे. तोवर पारदर्शक बरणीत पाझराचे पाणी धरून ते रात्रभर स्थिर ठेवा आणि तळाशी काही बसते का ते पाहा. ओढ्यात उभे राहून पाणी नितळ दिसते, यावर विसंबू नका.

वल्हेकरी :
आमचा बांध आजही उभा आहे, एवढे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. प्रत्येक ओलीसाठी अभियंता बोलवायचा म्हटले तर छोटी तळी कोणी राखणारच नाही.

कलमबंद :
मूळ प्रश्नाकडे येतो. तळे कोणत्या देशात आणि कोणत्या राज्यात आहे हे आपण लिहिलेले नाही, म्हणून नेमके कार्यालय सांगता येत नाही. पण आपल्याला दारोदार का फिरावे लागले, ते सांगता येईल. बहुतेक कायदे आकारमानाची रेषा आखतात. भारताचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, तसेच १० ते १५ मीटर उंचीच्या, पण काही ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो; सात मीटरांचा बांध त्यात येत नाही. इंग्लंडमध्ये १९७५ च्या जलाशय कायद्याची रेषा २५,००० घनमीटर साठ्याची आहे आणि वेल्सने ती १०,००० वर आणली आहे. म्हणून साठा मोजून घ्या, तो आकडा तुमचा दर्जा बदलू शकतो. अमेरिकेत धरण फुटल्यास खाली काय होईल त्यावर धोक्याचा वर्ग ठरवतात. बांध कितीही सुस्थितीत असला, तरी खाली वस्ती असेल आणि माणसे दगावण्याचा संभव असेल, तर तो वरच्या वर्गात जातो.

आणखी एक गोष्ट आपण स्पष्ट समजून घ्यावी. आपण तक्रारदार आहात तसेच सहमालकही आहात. साठवलेले पाणी सुटून दुसऱ्याचे नुकसान झाले तर साठवणारा जबाबदार, हे तत्त्व इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने १८६८ मध्ये रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात मान्य केले, आणि तो खटला एका खासगी जलाशयाचाच होता. पुढे वेगवेगळ्या देशांत हे तत्त्व वेगवेगळ्या रूपांत आले. पण कोणीही तपासायला आले नाही, म्हणून मालकाची जबाबदारी कमी होत नाही. समितीला आजच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

पाणवेल :
लव्हाळ्याचा उल्लेख वाचला. आमच्याकडे पाण्यातली वनस्पती गवत्या माशांनी आटोक्यात आणली. लहान मासे सोडण्यापेक्षा मोठे सोडावेत.

मुरूममाती :
पाणवेल, हे लव्हाळे तळ्यात उगवलेले नाही, बांधाबाहेर कोरड्या जागेत उगवले आहे. ती ओलीची खूण आहे. ते उपटून टाकले तर खूण तेवढी जाईल. काठावरचा, सांडव्याविषयी आपण अजून उत्तर दिलेले नाही.

काठावरचा :
सांडवा डाव्या टोकाला आहे. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून समितीने त्यावर जाळी बसवली आहे आणि नौकांना खोली मिळावी म्हणून फळ्या लावून पातळी थोडी वर घेतली आहे. सगळीच तळी असे करतात. पाझराशी याचा काय संबंध?

मुरूममाती :
दुहेरी संबंध आहे. पातळी वाढली की पाझराला लागणारा दाब वाढतो, म्हणून ही ओल फळ्या लावल्यानंतर दिसू लागली का ते आठवून पाहा. शिवाय पुरात पानकाटक्या येऊन जाळी बुजते आणि पाणी बांधाच्या माथ्यावरून जाऊ लागते. मातीचा बांध ते सोसत नाही.

पेन्सिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरण एका खासगी मासेमारी व शिकार क्लबच्या मालकीचे होते. गाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवला होता, सांडव्यावर माशांसाठी जाळ्या होत्या आणि पाणी सोडण्याचे पाइप आधीच काढून विकले गेले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि जॉन्सटाउनमध्ये २,२०० हून अधिक माणसे गेली.

वल्हेकरी :
ते २२ मीटर उंचीचे धरण होते. त्याचे माप सात मीटरांच्या तळ्याला लावून लोकांना घाबरवणे योग्य नाही. पाणी उतरवले तर नौका गाळात बसतील.

कलमबंद :
मग लहान उदाहरण घ्या. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथील केली बार्न्स धरण सुमारे १२ मीटर उंचीचे होते आणि वीजनिर्मिती बंद झाल्यावर तिथले तळे विरंगुळ्यासाठीच उरले होते. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे ते फुटले आणि ३९ जण दगावले. त्या राज्याचा धरण सुरक्षा कायदा १९७८ मध्ये, म्हणजे त्यानंतर आला. सात मीटर उंचीमागचे पाणीही झोपलेल्या माणसांना पुरेसे आहे. म्हणून पुन्हा विचारतो, खाली कोण राहते?

काठावरचा :
ओढ्याच्या वळणावर कामगारांची काही घरे आहेत. आम्ही तळे घेतले तेव्हा ती नव्हती, म्हणून मी लिहिले नाही. जाळी आज काढून घेतली आहे. बरणीतले पाणी सकाळी पाहिले, तळाशी पिवळसर मातीचा पातळ थर बसला आहे. बोटांत चोळला तर पिठासारखा लागतो.

मुरूममाती :
बरणीत तळचा गाळ ढवळून आला नसेल ना, हे पाहण्यासाठी आज पुन्हा नीट धरून नमुना घ्या. पण निष्कर्षासाठी थांबू नका. त्या घरांत आत्ता स्वतः जा, वस्तुस्थिती सांगा आणि प्रत्येक घरातला एक फोन क्रमांक घ्या. आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला कळवा. त्यांना बांध कोणाच्या यादीत आहे हा प्रश्न पडत नाही. बांधांच्या कामाचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता आजच बोलवा. फळ्या एकदम न काढता एकेक काढा आणि रात्रीही पाझरावर आळीपाळीने माणूस ठेवा. पाण्याचा रंग बदलला किंवा प्रवाह वाढला तर आधी घरे रिकामी करायची.

काठावरचा :
निघालो आहे. फळ्या काढूनही पातळी सांडव्याच्या खाली जाणार नाही आणि पोटातल्या पाइपची झडप गंजून बसली आहे. माथ्यावर चर खणून पाणी काढू का?

मुरूममाती :
मुळीच नको, चर पाण्याने स्वतःच रुंदावत जाईल. झडपेवरही जोर लावू नका, ती मोडली तर पाइप बंद करता येणार नाही. माथ्यावरून वक्रनळ्या (सायफन) टाका किंवा पंप लावा आणि पाणी बांधाच्या पायथ्यापासून लांब, खडकावर सोडा. पाणी झपाट्याने उतरवले तर आतला भिजलेला उतार घसरतो. सर्वसाधारणपणे दिवसाला सुमारे ३० सेंटीमीटर हा सावध वेग धरतात, मात्र इथे माती वाहते आहे, म्हणून वेग अभियंत्याला ठरवू द्या. त्यांच्यासाठी बांधाच्या माथ्यापासून पाण्याची पातळी आत्ता किती खाली आहे ते मोजून, वेळेसह लिहून ठेवा.