मदत हवी आहे: ३५ वर्षांनी आलेला सिक्वेल बघू का नको?

मंडळी जरा मदत हवीये. ब्लेड रनर २०४९ बघायचाय पण धीर होत नाहीये, कारण उशिरा आलेल्या सिक्वेलने दोनदा तोंड पोळलंय. इंडिपेंडन्स डे १९९६ चा, त्याची लहानपणी पारायणं केलेली, आणि २०१६ ला दुसरा भाग आला तो बघून वाटलं २० वर्षं थांबलो ते ह्याच्यासाठी? वर विल स्मिथ पण नाही. मॅट्रिक्सचा २०२१ चा तर अर्ध्यात बंदच केला. उलट अवतारला मी १३ वर्षं नावं ठेवली, आता कोण बघणार म्हणून, आणि २०२२ ला थ्रीडीत ते पाण्याखालचे सीन बघून गप्प बसलो (स्टोरी मात्र जुनीच की हो). म्हणजे माझा अंदाज काही कामाचा नाही.

तर मूळ १९८२ चा ब्लेड रनर आधी बघायलाच हवा ना? पण त्याच्या आवृत्त्याच किती, हॅरिसन फोर्डच्या निवेदनाची थिएटरवाली, १९९२ चा डायरेक्टर्स कट, परत २००७ चा फायनल कट, मग २०४९ नीट कळायला ह्यातली कुठली बघू? आणि प्लीज, शेवट कुणी फोडू नका.