पल्सर १५० घाटात दम सोडते, १८० चा ब्लॉक टाकू का?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. गाडी पल्सर १५०, २०१४ ची, कार्बोरेटरवाली. मी भडगावकडचा, कामासाठी चाळीसगाववरून कन्नड घाट चढून संभाजीनगरला नेहमी जाणं होतं, मागे बायको आणि सामानाची बॅग. घाटात तिसऱ्यात ओढतच नाही, दुसऱ्यावर आणावी लागते, मागून जीपवाले हॉर्न मारतात. गॅरेजवाला म्हणतो पल्सर १८० चा ब्लॉक-पिस्टन (मोठा सिलेंडर नि त्याचा पिस्टन) बसवू, सोबत फ्री फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर नि उघडा एअर फिल्टर, गाडी उडेल. खर्चाची तयारी आहे पण एकदाच, आणि रस्त्यात बंद पडायला नको. काय करू?

तापीवाला:
भाऊ, आधी गाडी तपासी ले, मंग पैसा लाव. इतक्या जुन्या गाडीची कंपनीची पॉवर तरी शिल्लक आहे का ते बघ. कॉम्प्रेशन गेज लावून सिलेंडरचा दाब चेक कर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट कर, कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) उघडून उजेडात धर, बारीक छिद्र असलं तरी मोठ्या थ्रॉटलला गाडी मरते. मागचा ब्रेक घासतो का तेही बघ. आणि घाटात तिसऱ्यात एकदम थ्रॉटल उघड, आरपीएम वर गेला पण स्पीड तिथंच राहिला तर क्लच प्लेटी गेल्या.

बोरिंगवाला_धुळे:
हेच काम करतो म्हणून सांगतो. १५० चा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५८ मिमी, १८० चा ६३.५, स्ट्रोक (पिस्टनची चाल) दोघांचा ५६.४ च. म्हणजे सीसी साधारण २० टक्के वाढते. पण स्लीव्ह (सिलेंडरची नळी) जाड असल्याने क्रँककेसचं (इंजिनच्या खालच्या डब्याचं) तोंड मशीनवर मोठं करावं लागतं, त्यासाठी पूर्ण इंजिन खोलायचं, हेड १८० चं लागतं, कार्बोरेटर नि क्लचही त्या मापाचा हवा. तोंड जरा वाकडं कापलं गेलं तर पुढं ऑइल लीक आणि नवीन क्रँककेस. एवढं करून मिळतं काय, १५० ची पॉवर १५ पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखं माप) आसपास, १८० ची १७. दोन पीएस भो! त्यापेक्षा ही विकून पैसे टाकून चांगली जुनी २२० घे, तिला २१ पीएस आहे आणि ब्रेक, चेन, चेसिस सगळं त्या हिशोबाचं आहे.
गाडी ठेवायचीच असेल तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात कमीचं टाक. १५ चे १४ केले की ओढ सात टक्क्यांनी वाढते, टॉप स्पीड नि अॅव्हरेज थोडं जातं, पण घाटवाल्याला टॉप स्पीड काय करायचाय. आवडलं नाही तर जुनं परत बसवता येतं. जागेवर दात मोजून घे आधी.

जळगाव_रायडर:
फ्री फ्लो नि उघड्या फिल्टरला माझा ठाम विरोध. हवा जास्त आत येते, पेट्रोल सोडणारा जेट तोच राहतो, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, २० डिग्रीच्या मानाने हवा तशीच सात-आठ टक्के पातळ, म्हणजे उन्हाळ्यात गाडी मंद वाटणारच. त्यात घाटात डबलसीट लीन गाडी दामटली की पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्यानेही जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या अजून लीन चालतात. आणि आपल्या धुळीत उघडा फिल्टर म्हणजे रिंगा नि सिलेंडर खराब. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असले बदल करताच येत नाहीत, दंड मालकाला, अपघात झाला तर विमावाले आधी हेच बघतील. मागे वहिनी बसतात, एवढा तरी विचार कर भाऊ.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे आभार. तापीवाला दादांनी सांगितली ती टेस्ट आज केली, आरपीएम सहा-सात हजारावर जातो आणि स्पीड चाळीसच्या पुढं सरकत नाही. म्हणजे क्लचच ना?

बोरिंगवाला_धुळे:
क्लचच. पण आधी केबलचा फ्रीप्ले (लिव्हरची मोकळी चाल) बघ, लिव्हर ताणलेलं असलं तरी क्लच सुटतो. फ्रीप्ले बरोबर असेल तर प्लेटी नि स्प्रिंग सोबतच बदल, नुसत्या प्लेटी टाकू नको. नवीन फ्रिक्शन प्लेटी रात्रभर ऑइलमध्ये भिजवून मग बसव. आणि ऑइल जेएएसओ एमए (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) लिहिलेलंच घे, २०डब्ल्यू५०. कारचं ऑइल कोणी स्वस्तात दिलं तरी टाकू नको, त्याने ओला (ऑइलमध्ये फिरणारा) क्लच घसरतो. हे करून घाट चढून बघ, तरी कमी वाटली तर मग स्प्रॉकेट.