मदत हवी आहे: घरातल्या शेवटच्या कारवान कुत्रीसाठी नर कुठून आणू?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा जत तालुक्यातला, नोकरीमुळे पुण्यात. गावी आबा असतात आणि हरणी असते. हरणी म्हणजे आमची कारवान कुत्री, साडेचार वर्षांची, वाळूच्या रंगाची. आजोबांच्या वेळेपासून मेंढरांच्या वाड्यावर हीच कुत्री. मी शाळेत असताना सहा-सात तरी असायची. आता ही एकटी राहिली आहे. पाडव्याच्या सुमारास माजावर आली तेव्हा कोंडून ठेवली, कारण लावायला धड नर नव्हता. आता नवरात्राच्या आसपास परत येईल. तेवढ्यात काहीतरी ठरवायचं आहे म्हणून हा धागा.

ज्यांनी हे कुत्रं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लांबट डोकं, खोल छाती, वर ओढलेलं पोट, मादी खांद्यापाशी साधारण ६४ ते ७० सेंमी, नर आणखी थोडा उंच. कर्नाटकात याला मुधोळ गावावरून मुधोळ म्हणतात, आपल्याकडे कारवान किंवा कारवानी. कानाशेपटीला झालरीसारखे केस असले की पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडिया 'कारवान हाउंड' नावाने नोंद करतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' नावाने. (नावावरून इथं भांडण नको, प्लीज. मागच्या एका धाग्याचं काय झालं ते आठवतंय.)

लोक म्हणतात, या कुत्र्यांना आता कोणी विचारत नाही. माझा अनुभव उलटा आहे. २००५ साली टपाल तिकिटावर मुधोळ आलं, २०१६ साली सैन्याने मेरठला प्रशिक्षणासाठी नेलं, २०२० साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. तेव्हापासून आबांना फोनच फोन. पण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना शर्यतीसाठी कुत्रं हवं असतं, आणि शर्यतीसाठी ग्रेहाउंड या विलायती कुत्र्याचं रक्त लागतं. सशामागं पळवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झालं, ते ठीकच झालं. पण त्या कामात कुत्र्याचा दम बघितला जायचा. दिवसभर मेंढरांमागं चालून संध्याकाळी परत पळायची तयारी लागायची. शर्यतीत काही सेकंदांचा वेग बघतात. आमच्या पंचक्रोशीत आज 'कारवान' म्हणून जे नर दाखवले जातात, त्यातले बहुतेक अर्धेमुर्धे ग्रेहाउंड आहेत.

हे सांगायला मला अधिकार आहे, कारण ती चूक मीही केली. दोन वर्षांपूर्वी हरणीला एका शर्यतवाल्याचा नर लावला. मालकाने देवाशपथ 'प्युअर' सांगितला. सहा पिल्लं झाली, दिसायला एकापेक्षा एक. तीन महिन्यांची झाल्यावर आबांनी एकाला मांडीवर घेतलं आणि कान बोटाने खाली ओढून सोडला. कान परत मागं दुमडून मानेकडे गेला. दुसऱ्याचाही तसाच. आपल्या कुत्र्याचा कान सपाट, गालाला चिकटून खाली लोंबतो. मागं घडी पडते ती ग्रेहाउंडाची. आबा एवढंच म्हणाले, "हे आपलं न्हवं." सगळी पिल्लं पाळायला म्हणून दिली, वीण घ्यायची नाही या बोलीवर. ती बोली किती जणांनी पाळली देव जाणे.

आता माझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक म्हणजे हरणीच्या सख्ख्या भावाचा मुलगा, शेजारच्या गावात आहे. आबांच्या सगळ्या परीक्षांत पास: कान सपाट, कमरेच्या दोन हाडांमध्ये चार बोटं बसतात, शेपूट बारीक आणि लांब. पण तो भाचा झाला. दुसरा सांगोल्याकडचा एक देखणा नर, नातं काही नाही, पण शर्यती जिंकलेला. एकदा तोंड पोळलंय. तिसरी वाट मुधोळची, तिथं आमची कोणाशी ओळख नाही.

शिवाय एकाने निरोप पाठवलाय की ग्रेहाउंड नर फुकट देतो आणि सगळी पिल्लं आगाऊ पैसे देऊन उचलतो. आकडा ऐकून आईचा चेहरा जरा बदलला, खोटं कशाला बोलू.

तर जाणकारांनी सांगावं: नात्यातला खात्रीचा नर बरा की बाहेरचा कमी खात्रीचा? पुढे पिल्लांची नोंद कुठे आणि कशी करायची? वंशावळीचा एकही कागद आमच्याकडे नाही, जे आहे ते आबांच्या डोक्यात.

प्रतिसाद: जनावरांचा डॉक्टर

भाचा नको. आत्या-भाच्याच्या पिल्लांत जवळच्या नात्याचं प्रमाण १२.५ टक्के येतं, आणि तेही वरच्या पिढ्यांत नातं नव्हतं असं धरून. तुमच्या पाच-सहा गावांत चाळीस वर्षं तीच कुत्री फिरत असतील तर खरा आकडा याच्या वर जाईल. परिणाम एकदम दिसत नाही. आधी पिल्लांची संख्या कमी होते, मग पिल्लं लहानसहान आजाराने जायला लागतात, आणि आपण म्हणतो हवा वाईट होती.

नर कुठलाही आणा, आधी दोघांची ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी करा. हा आजार मीलनातून पसरतो, गाभ पडतो आणि कळपच्या कळप वांझ होतो. हरणीचं लसीकरण माजावर यायच्या आत पूर्ण करून घ्या. रक्ताचा पहिला थेंब दिसेल ती तारीख लिहून ठेवा. बहुतेक कुत्र्या त्यानंतर १० ते १४ दिवसांत नर घेतात. गाभणकाळ साधारण ६३ दिवस.

आणि एक, हे विसरू नका: सिझेरियन करायची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा की हे ग्रेहाउंडसारखं साइटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार करणारं कुत्रं आहे. यांच्या अंगात चरबी कमी. थायोपेंटोनसारखी भूल उतरायला यांना फार वेळ लागतो, जिवावरही बेतू शकतं. आता सुरक्षित औषधं आहेत, ती मागून घ्या.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

मुधोळला ओळख लागत नाही हो. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे, याच जातीसाठी काढलेलं. तुम्ही अथणी-जमखंडीवरून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. हरणीचे समोरून, बाजूने, वरून असे फोटो आणि उंचीची मापं घेऊन जा. कन्नड येत नसेल तरी चालेल, त्या भागात मराठी कळणारे पुष्कळ. शेवटी घोरपड्यांचं संस्थान ते. मालोजीराजांनी पंचम जॉर्जला हीच कुत्री भेट दिली होती.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम आणि चिप्पिपराई या तमिळनाडूच्या कुत्र्यांबरोबर मुधोळची अधिकृत जात म्हणून नोंद केली आहे, त्यामुळे आता 'गावठी' म्हणून कोणी उडवून लावणार नाही.

प्रतिसाद: सह्याद्री७

एक नर पिल्लू हवं होतं. किंमत काय?

प्रतिसाद: माळावरचा

डॉक्टरांशी सहमत, पण सांगोल्याचा नरही नको. पहिल्या पिढीतली भेसळ कानावरून ओळखता येते. तीच पिल्लं पुन्हा चांगल्या कारवानला लावली की दोन पिढ्यांत कान सपाट होतो आणि आतलं रक्त तसंच राहतं. तेव्हा नुसत्या नजरेवर जाऊ नका, त्या नराचे आईबाप प्रत्यक्ष बघा.

कागद नाही म्हणता, तर आजपासून करा. आबांना समोर बसवा आणि मोबाइलवर बोलतं करा: कोणती कुत्री कोणाच्या पोटची, कुठे दिली, कशाने मेली. साधी शाळेची वही चालेल. पिल्लांना मायक्रोचिप बसवा, नाहीतर वहीतलं नाव आणि अंगणातलं कुत्रं यांचा मेळ लागणार नाही. आणि सगळी पिल्लं एकाच गावात देऊ नका. पार्व्हो विषाणूच्या एका साथीत माझा अख्खा वंश गेला होता.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सह्याद्री७, अजून नर ठरला नाही, तुम्ही पिल्लावर आलात. शिवाय विक्री करायची तर कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देता येत नाही.

काल रात्री आबांना बोलतं केलं. दीड तासात एकवीस कुत्र्यांची नावं निघाली. आणि एक गोष्ट मला आजवर माहीतच नव्हती: हरणीची पणजी आजोबांनी मुधोळच्या बाजारातून आणली होती, एका मेंढीच्या बदल्यात. "तिकडनंच आलं, तिकडं न्यायला काय झालं," असं म्हणून आबांनी विषय मिटवला. फुकटच्या ग्रेहाउंडवाल्याला 'नाही' म्हणून कळवलं. आई अजून बोलत नाही.

रविवारी तिम्मापूरला जातोय. तिथल्या नराचे आईबाप बघायला मिळाले तर फोटो इथं टाकेन, कानांवर नजर ठेवा.

धागाकर्ता, दुसऱ्या दिवशी

रविवारपर्यंत थांबता येणार नाही. आज सकाळी ओसरीच्या फरशीवर रक्ताचे दोन थेंब दिसले. आबांनी दाराच्या मागे खडूने तारीख लिहिली आणि हरणीला आत घेऊन कडी लावली. मी उद्याची रजा टाकली आहे. जतहून मुधोळला सकाळची पहिली गाडी किती वाजता, कोणाला माहीत आहे का?