शिंदळ माकुडी लळिंगच्या कड्यावर लावायची? माझा विरोध आहे

गिरणाकाठ: आपल्या धुळ्याच्या झाडंवाल्या ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय. कोणीतरी पुण्याकडून शिंदळ माकुडी या दुर्मिळ झाडाची कटिंग्ज आणलीत आणि येत्या पावसाळ्यात ती धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या कपारीत लावायचं ठरतंय. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, महाबळेश्वरची बाजू अशा सह्याद्रीतल्या मोजक्याच कड्यांवर सापडते, जगात दुसरीकडे कुठेच नाही. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका नाव पडलं. खोड मांसल, पावसाळ्यात त्याला पानं फुटतात आणि उन्हाळ्यात सगळी गळून नुसती कांडी खडकाला धरून बसते. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पाच टोकांचं, गर्द लाल, त्यावर पिवळे डाग आणि कडेला बारीक केस. सुंदरच आहे, प्रश्न तो नाही. पण दुर्मिळ आहे म्हणून आपल्या डोंगरावर आणून लावायची हे मला पटत नाही, जिथली आहे तिथेच ती वाचली पाहिजे.

साक्रीकर: भाऊ, तिथे वाचतेय कुठे? कड्याला दरड कोसळते, गवताला आग लागते, शेळ्या चरतात, शिवाय हौशी लोक उपटून नेतात ते वेगळंच. सगळी झाडं एका पट्ट्यातच ठेवली आणि तिकडे काही झालं तर मग काय करणार? आणि जुन्नर म्हणजे काही कोकण नाही, तोही कमी पावसाचाच भाग, खडक पण आपल्यासारखाच काळा. कटिंग तर सहज लागतं. एवढं सोपं असताना नको का म्हणायचं हेच मला कळत नाही.

गिरणाकाठ: सहज लागतं हीच तर गोम आहे. एका रोपाची शंभर कटिंग्ज लावली तरी वंशाच्या हिशोबाने ते एकच झाड झालं ना, रोग आला की सगळी सोबतच जाणार. आणि नुसतं जगणं वेगळं, बी धरणं वेगळं. हिच्या जातकुळीत पराग सुटा नसतो, गठ्ठ्याने असतो, तो माशीच्या अंगाला अडकून दुसऱ्या फुलापर्यंत पोचला तर बी होणार. ती माशी लळिंगला आहे का ते कोणी बघितलंय? खडक सारखा असेल पण आपला मे महिना आठवा, शिवनेरीचा कडा एवढा तापत नाही.

तोरणमाळची माहेरवाशीण: मला वेगळीच भीती वाटते. आपल्याकडे मुरमाड माळावर माकडशिंग असते ना, जिचे कोंब लोक खातात, ती हिची नात्यातलीच आहे. हौशी लोकांनी बागेत हिचे जवळच्या जातींशी संकर केलेले आहेत. उद्या डोंगरावर तसं झालं तर निस्तरणार कोण? आणि एक मनापासून बोलते, राग मानू नका. आमच्या तोरणमाळकडे पावसाळ्यात झुडपात कंदीलपुष्पाचा वेल चढतो, फूल कंदिलासारखंच, आत शिरलेली माशी काही वेळ अडकून राहते. त्याचे कंद गुराखी पोरं खणून खातात. ते कुठे कुठे उरलंय याची साधी यादी आपल्या ग्रुपने केली नाही आणि पुण्याचं झाड आणायला मात्र सगळे तयार.

साक्रीकर: ताई, कंदीलपुष्प वाचवा ना, मी कुठे नाही म्हणतो, दोन्ही करू. पण लोकांना डोंगराकडे ओढायला असं एखादं नावाजलेलं झाड लागतं. पोरं लळिंगला येतात, सेल्फी काढतात, उतरून जातात. तिथे त्यांना दाखवायला काहीतरी असलं तर पाचातला एक तरी झाडांकडे वळेल. तुम्ही फक्त नियम सांगत बसणार, तोवर झाड संपून जाईल, मला याचा खरंच त्रास होतो.

पांझरा: भो, तुन्ही गोट खरी शे, पण लळिंगच्या कुरणात गवत वाळलं की आगी लागतात हे तुला पण माहितीये. शेळ्या कपारीतपण चढतात. लावून मरू द्यायची असेल तर लावा. शिवाय जमीन वनविभागाची आहे, न विचारता लावली तर उद्या तेच येऊन उपटतील.

गिरणाकाठ: साक्रीकर, पोरांना दाखवायची तर लळिंगच्याच लांडोर बंगल्याकडे परवानगी घेऊन दगड रचून कुंड्यांमध्ये ठेवू, मी स्वतः पाणी घालायला येईन. फक्त प्रत्येक कुंडीवर कटिंग मूळ कोणत्या कड्यावरचं ते लिहिलेलं पाहिजे, नाहीतर पुढे शिवनेरीला परत लावायची वेळ आली तर ते रोप काही कामाचं नाही. आणलेल्या कटिंगची ही माहिती आहे का कोणाकडे?

साक्रीकर: नर्सरीवाल्याला विचारतो. पण कड्याचा विषय मी सोडलेला नाही, दोन पावसाळे कुंडीत बी धरलं तर परत बोलू.

तोरणमाळची माहेरवाशीण: बी धरलं तरी माझा विरोधच राहील. श्रावणात कंदीलपुष्पाची यादी करायला कोण येतंय ते सांगा, धडगावपासून पुढे मी सोबत असेन.