मदत हवी आहे: जपाला बसलं की मन कुकरच्या शिट्ट्या मोजतं

नमस्कार मंडळी. पहाटे माळ घेऊन बसते. १०८ मण्यांतले वीसेक होतात न होतात तोच लक्ष कुकरकडे: ही दुसरी शिट्टी की तिसरी? मग मुलाचा डबा, ७:१२ ची लोकल. माळ संपल्याची खूण असलेला मेरुमणी बोटाला लागतो तेव्हा कळतं, नाम तोंडात होतं, मी नव्हतेच.

सासूबाई म्हणतात, जनाबाई दळताना नाम घ्यायच्या, तूही कामातच घे. पण जात्याला लय असते हो, एक्सेल शीटला कुठली? (गोरोबा कुंभारांचं उदाहरण नको, नामाच्या तंद्रीत त्यांच्या पायांखाली त्यांचं पोर चिखलात तुडवलं गेलं होतं!)

नोकरी-घर सांभाळून ज्यांना जमतंय त्यांनी सांगा: माळ ठेवून मोठ्यानं हरिपाठ म्हणू, की वेळच बदलू? लोकलच्या गर्दीत उभ्यानं जप होतो का कुणाचा?