फ्रीस्टाइलमध्ये श्वास दोन हातांवर की तीन? पन्नास मीटरलाच दम जाऊन राहिला

प्रतापनगरचा बेडूक:
वय ४४. एप्रिलपासून सकाळी सहाच्या बॅचला जातोय. टँक २५ मीटरचा. सर म्हणतात, श्वास तीन हातांवरच, म्हणजे तीन हात मारले की एक श्वास, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. उजवीकडचा जमतो. डावीकडे वळलो की डोकं वर, पाय खाली आणि तोंडात क्लोरीनचं पाणी. दोन फेऱ्या झाल्या की कठड्याला लटकून राहतो. शेजारच्या लेनमधली दहा वर्षांची पोर वर विचारते, "काका, झालं का?" काल चोरून दोन हातांवर घेतला, तर शंभर मीटर गेलो. सरांनी पाहिलं आणि ओरडले. पावसाळ्याच्या आत ४०० मीटर न थांबता मारायचेत. काय धरू?

टँकवाली काकू:
भाऊ, आधी हिशोब करा. मिनिटाला साठ हात मारले तर दोन हातांवर तीस श्वास होतात, तीन हातांवर वीस. आता बिल्डिंगचे चार मजले भरभर चढा आणि वर पोचल्यावर मिनिटाला वीसच श्वास घेऊन दाखवा. मग पाण्यात काहून जमेल? केटी लेडेकीनं ८०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण २०१२ ते २०२४ सलग चार ऑलिम्पिकमध्ये घेतलं. तिची शर्यत लावून बघा, बहुतेक श्वास उजवीकडूनच, दोन हातांवर.

पण मला वाटतं, तुमचा घोळ आकड्यात नाही. तुम्ही पाण्यात श्वास सोडतच नसाल. तोंड बाहेर आल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळ मिळत नाही. जीव घाबरा होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. तोंड पाण्यात गेलं की नाकातून बुडबुडे सुरू करा, गुणगुणल्यासारखे. डोकं उचलायचं नाही, अंगासोबत वळवायचं, एक गॉगल पाण्यातच. पुढे सरकताना डोक्याच्या बाजूला पाण्यात खळगा पडतो, हवा तिथंच मिळते.

डावी बाजू मात्र सोडू नका. मी कित्येक वर्षं एकाच बाजूनं घेतला. डावा हात अंगाची मधली रेघ ओलांडायला लागला, मग खांदा बोलायला लागला. आमचा टँक उघडा, उत्तर-दक्षिण. मे महिन्यात साडेसहालाच पूर्वेचं ऊन गॉगलमध्ये घुसतं. म्हणून उत्तरेकडे जाताना डावीकडून श्वास, परत येताना उजवीकडून. दोन्ही वेळा तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे, जिथं माझ्या चपला असतात. श्वास दोन हातांवरच, दोन्ही बाजूंचा सराव होतो आणि चपलांवर लक्षही राहतं. (एकदा गेल्या होत्या. नवीन होत्या.)

सायकल-पळ-पोह:
काकूंशी सहमत, पण सरांना एकदम मोडीत काढू नका. ट्रायथलॉनसाठी तलावात उतरलात आणि लाट उजवीकडून थोबाडीत मारायला लागली, की डावी बाजू हवीच. मी वॉर्मअपच्या फेऱ्या तीन हातांवर मारतो, सावकाश. वेग वाढवला की दोनावर. मधे दोन-तीन-दोन-तीनही चालतं.

गॉगल हरवला:
एक सांगून ठेवतो. आमच्या बॅचची पोरं सात-नऊ हातांवर श्वास घ्यायची पैज लावतात, त्याआधी जोरजोरात भराभर श्वास घेतात. हे करू नका. त्यानं कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटायच्या आत माणूस पाण्यात बेशुद्ध पडू शकतो.

प्रतापनगरचा बेडूक:
काकू, बरोबर ओळखलंत, मी पाण्यात श्वास धरूनच ठेवत होतो! चार दिवस नुसते बुडबुडे काढले. आज दोन हातांवर दोनशे मीटर, डावीकडून दोनदाच पाणी प्यायलो. सरांना म्हटलं, वॉर्मअप तीनवर करतो. "हं," म्हणाले. ती पोर म्हणे, "काका, सारखे तिकडेच काहून पाहून राहिले?"
म्हटलं, चपला आहेत.

टँकवाली काकू:
जुन्या नेत जा.